एक रुपयाचं काम नाही

गोंदियाजवळच्या बिरसीत इंजिनांच्या दोन जाती नांदतात. एक विमानतळाच्या कुंपणाच्या आतली, दुसरी कुंपणाच्या बाहेरची. आतल्या जातीला तास मोजून ऑइल मिळतं. बाहेरच्या जातीला मालकाला आठवण झाली तर.

आतली जात शिकाऊ वैमानिकांच्या हाताखाली राबते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी इथं धावपट्टी केली. आता तिच्यावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेची डायमंड कंपनीची चिमुकली विमानं चढ-उतार करतात. कामठ्याकडून येताना मान वर केली की एखादं घिरट्या घालताना दिसतंच. चालवणारं पोरगं विशीतलं, काल-परवाच शिकायला आलेलं. हात बसलेला नाही, उतरताना चाकं आपटणार, इंजिनाला नको तेव्हा जोर देणार. म्हणजे गाडीच्या जगात ज्याला 'ड्रायव्हरनं वाट लावली' म्हणतात, तो प्रकार इथं अभ्यासक्रमाचाच भाग आहे. तरीही ती इंजिनं वर्षानुवर्षं चालतात. कारण तिथं एक वही असते. इंजिन किती तास चाललं, ते वहीत. ठरलेले तास भरले की विमान हँगरमध्ये, तक्रार असो वा नसो. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, कोणी बदलला, खाली सही. सही नसेल तर विमान जागचं हलत नाही.

कुंपणाच्या बाहेर तक्रार नसणं हेच बॉनेट न उघडण्याचं कारण असतं. "चालते ना? मग कशाले हात लावता?"

बरं, दोन्ही जाती एकमेकींना अगदीच परक्या आहेत असंही नाही. याच डायमंड कंपनीच्या डीए-42 नावाच्या दोन इंजिनांच्या विमानाला सुरुवातीला डिझेलवर चालणारी जी इंजिनं बसवली, ती थिएलर्ट या जर्मन कंपनीनं मर्सिडीजच्या ए-क्लास मोटारीच्या इंजिनावरून बेतली होती. टर्बोसकट. पुढं 2008 साली थिएलर्ट दिवाळखोरीत निघाली. त्याच सुमारास डायमंडनं स्वतःचं इंजिन काढलं. तेही पुन्हा मर्सिडीजच्याच मोटारीवरून. सांगायचं एवढंच, की मोटारीतलं टर्बो डिझेल ढगात नेण्याइतकं भरवशाचं करता येतं. गोंदिया-आमगाव रस्त्यावर त्याचा भरवसा का उडतो, हा प्रश्न धातूशास्त्राचा नाही.

(इथल्या प्रवासी विमानाच्या भरवशाचा विषय मात्र काढू नये. 2022 च्या मार्चमध्ये मोठ्या थाटात सेवा सुरू झाली, काही महिन्यांत गुंडाळली. 2023 च्या डिसेंबरात दुसऱ्या कंपनीनं पुन्हा नारळ फोडला. त्या मधल्या काळात विमान धरायला नागपूरला जाणाऱ्यांना कोणी नेलं? पंधरा वर्षांच्या जुन्या टर्बो गाड्यांनीच. सगळीच टीका एकतर्फी नको.)

तर या बाहेरच्या जातीच्या मालकांविषयी. जुन्या टर्बो गाडीच्या मालकाला 'गाडी कशी आहे?' असं कधी विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे. गाडीच्या पाठीवर थाप पडते आणि वाक्य येतं, "एक रुपयाचं काम नाई भाऊ!"

हा एक रुपया कुठल्या हिशेबातला, ते थोडं खोदावं लागतं. क्लच प्लेट टाकली होती का? हाव, टाकली, पण ती तर घासतेच. इंजेक्टर? ते दोन बदलले, पण तो पंपावाल्याचा दोष, डिझेल खराब होतं. बॉल जॉइंट? तो रस्त्याचा दोष. रेडिएटर? तो साल्याचा दोष, लग्नात नेली होती त्यानं. टर्बो? टर्बो एकदा बसला होता खरा, पण तो ड्रायव्हरचा दोष. अशा रीतीनं एकेक बिल एकेका गुन्हेगाराच्या नावावर चढवत गेलं की शेवटी गाडीच्या खात्यावर शून्य उरतं. एवढा स्वच्छ ताळेबंद तर एखाद्या सहकारी पतपेढीलाही जमत नाही.

दुसऱ्या टोकाचा मालकही असतो. त्याच्या लेखी गाडी म्हणजे डबा, कंपनी म्हणजे चोर, मेकॅनिक म्हणजे कंपनीचा भाऊ. गंमत अशी, की दोघांच्या गाड्या बऱ्याचदा एकाच सालच्या, एकाच इंजिनाच्या असतात. मग टिकाऊ कोण आणि डबा कोण?

आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा मालक या चर्चेत कधी नसतोच. ज्याची गाडी आठव्या वर्षी इंजिनकामाला आली, दोन वर्षं गॅरेजच्या मागं चिंचेखाली उभी राहिली आणि शेवटी वजनावर गेली, तो चहाच्या टपरीवर बसून गाडीच्या गोष्टी सांगत नाही. तो स्प्लेंडरवर बसून शेतावर गेलेला असतो. राहिलेल्या गाड्यांचे राहिलेले मालकच 'जुनं ते दणकट' म्हणून साक्ष देतात. गेलेल्यांची साक्ष भंगारवाल्याकडं.

या गाड्यांचा रुबाब मात्र खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. 1994 मध्ये पुण्याहून टाटा सुमो आली, तेव्हा टाटांच्या मोटार कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातली अक्षरं घेऊन एक अख्खी वरात एका गाडीत मावू लागली. 1998 मध्ये सफारी आली. टर्बो डिझेल, चारचाकी ताकद आणि मागं टांगलेली स्टेपनी. ती दारात लागली की घरमालक आपोआप 'साहेब' व्हायचा. 2002 च्या जूनमध्ये महिंद्रानं नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ काढली. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करून परतलेल्या पवन गोएंका यांच्या देखरेखीखाली घडलेली ही गाडी. तिचं 2.6 लिटरचं टर्बो इंजिन 109 अश्वशक्तीचं. ज्या जिल्ह्यात तोवर जीप घाट चढताना एसी बंद करावा का, हा प्रश्नच नव्हता, कारण एसीच नव्हता, तिथं ही चीज आली. पुढं 2.2 लिटरचं एमहॉक इंजिन आलं, 120 अश्वशक्तीचं, पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोचं. निवडणूक, सोयरीक, मंडईची जत्रा आणि धमकी या चारही कामांना एकच गाडी पुरू लागली. काळी काच, पांढरा रंग, मागं कोणत्या तरी दादांचं नाव. टर्बोची शिट्टी ऐकून गावातली कुत्रीसुद्धा माणूस ओळखायला शिकली.

ती शिट्टी मारतं कोण, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

टर्बो म्हणजे एका बोटभर दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन पाती. एका टोकाला इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर आदळतो आणि पातं फिरवतो. दुसऱ्या टोकाचं पातं बाहेरची हवा कोंबून, इंटरकूलर नावाच्या जाळीतून गार करून, इंजिनात ढकलतं. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त जोर. फुकटचा धूर कामाला लावायची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरची, 1905 सालच्या पेटंटातली. दांडा फिरतो मिनिटाला लाखाच्या वर फेरे. एवढ्या वेगाला साधं बेअरिंग टिकत नाही, म्हणून तो दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल स्वच्छ आणि पुरेसं, तर दांडा धातूला शिवतसुद्धा नाही. ऑइल जाड, जळकं किंवा कमी, तर तो शिवतो. एकदाच शिवला तरी पुरतं.

म्हणून जुने मिस्त्री सांगायचे, की लांबून जोरात आलात तर लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवा. इंजिन बंद झालं की ऑइलचा पंपही बंद. पातं मात्र लाल तापलेलं असतं आणि दांडा अजून फिरत असतो. आत अडकलेलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतं आणि त्याच कोळशानं उद्या ऑइलची नळी तुंबते. आपल्याकडं उलट आहे. नागपूरहून मुसंडी मारत यायचं, दारात शेवटचा एक रेस द्यायचा, आलो हे शेजाऱ्यांना कळावं म्हणून, आणि रेस चालू असतानाच खटकन चावी. टर्बोला मारायचा याहून सोपा उपाय पुस्तकात नाही. सकाळी थंड इंजिनावर पहिल्याच दमाला पाय दाबणं हा दुसरा. त्यात शेजाऱ्यांची झोपमोडही होते, हा जादा फायदा.

आता स्थानिक भर. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. हंगामात राईस मिलांची भरडाई सुरू झाली की कोंडा हवेत असतो, रस्त्यावर असतो, चहातही असतो. उन्हाळ्यात मुरमाची धूळ. टर्बो ही हवा पोटभर ओढतो. मध्ये उभा असतो फक्त कागदाच्या घड्यांचा एअर फिल्टर, काही शे रुपयांचा. तो बदलायचा असतो. पण पंक्चरवाल्याकडं हवा मारून तो 'नवा' करायची इथं पद्धत आहे. हवा इतकी जोरात मारतात, की कागदाला टाचणीएवढी भोकं पडतात आणि मग कोंडा विनाअडथळा आत जातो. गाडी पिकअप चांगला घेते. "पाहा, फिल्टर साफ केला तर किती हलकी झाली!" हलकी होणारच. दारच उघडं टाकलं ना.

एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीनं निळा धूर सुरू केला तेव्हा मिस्त्रीनं काय केलं, ते जवळून पाहण्यासारखं होतं. त्यानं लॅपटॉप लावला नाही. रबराचा जाड होज सैल करून ओढला, आत बोट फिरवलं, बोट तेलानं काळं निघालं. मग पात्याच्या मधला छोटा नट चिमटीत धरून दांडा हलवला. आधी आडवा. थोडा हलला. "हे चालते," म्हणाला. मग आत-बाहेर ओढला. टक असा आवाज आला. एवढासाच. मिस्त्रीनं मान वर केली नाही, फक्त विचारलं, "शेठ, ऑइल कधी बदललं होतं?"

शेठजींनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. बिल असेल म्हणून. त्या कप्प्यातून जे निघालं, त्यावर एखाद्या इतिहाससंशोधकानं प्रबंध लिहावा. चार लग्नपत्रिका, त्यातल्या एकीचं जोडपं आता मुलाला शाळेत घालत असेल. टोलच्या पावत्या. धानाच्या काट्याची चिठ्ठी. मंडईतल्या नाटकाची तिकिटं. वाळलेलं लिंबू. देवाचा फोटो, मुदत संपलेला विमा, मुदत न संपलेला गुटखा. ऑइलचं बिल नव्हतं. "मागच्या दिवाळीले टाकलं होतं," शेठजी म्हणाले. "बदललं होतं का टाकलं होतं?" मिस्त्रीनं विचारलं. "कमी झालं होतं, तर वरून टाकलं." मिस्त्री हात पुसायला लागला.

वरून टाकणं आणि बदलणं यातलं अंतर हेच पंधरा वर्षं टिकलेली गाडी आणि आठ वर्षांत गेलेली गाडी यांतलं अंतर असतं, बहुतेक वेळा. मग कंपनी सुटली का? नाही. गाडी कुठली हेही पाहावं लागतंच. काही इंजिनांचे होज लवकर फाटतात, काहींची पाती काजळीनं अडकतात, काहींच्या ऑइलच्या नळीला जन्मजात सवय असते तुंबायची. पण हे कळायला आधी ऑइल वेळेवर बदललेलं असावं लागतं. नाहीतर गाडी वाईट का मालक वाईट, याचा निकालच लागत नाही, आणि संशयाचा फायदा दोघांनाही मिळतो.

हे दुखणं गोंदियाचंच आहे असं समजून कोणी मान खाली घालू नये. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिलनं जेटफायर नावाची गाडी आणली, टर्बो बसवून विकलेल्या पहिल्या काही मोटारींपैकी एक. तिच्या टर्बोनं कोंबलेली हवा थंड ठेवायला पाणी आणि मिथेनॉलचं एक मिश्रण लागायचं, त्याची वेगळी टाकी होती. मालकानं अधूनमधून ती भरायची, एवढंच काम. मालकांनी भरली नाही. टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर कमी व्हायची सोय कंपनीनंच केली होती, त्यामुळं गाडी मरगळली, आणि मालक तक्रार घेऊन दारात. शेवटी कंपनीनं हात टेकले, टर्बो काढून तिथं साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. ऑटोमोबाइलच्या इतिहासात ग्राहकाच्या आळसापुढं तंत्रज्ञानानं इतकी जाहीर माघार क्वचितच घेतली असेल. 1963 नंतर जेटफायर बंद.

आपल्याकडं माघार घ्यायला कोणी तयार नाही. उलट जुन्या गाड्यांची आवक वाढलीय. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा घातल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत उतरू लागल्या. चकाचक रंग, चामड्याच्या सीटा आणि मीटर असा कमी, की गाडी दहा वर्षं देवघरात ठेवली होती की काय असं वाटावं. विकणारा सांगतो, डॉक्टरची गाडी. दिल्लीत डॉक्टर इतके असतील तर तिथं आजारी पडतं कोण?

सरकारचा जुन्या गाडीवर जीव आहे, हे मान्य करावं लागेल. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी, पर्यावरण कर. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी 10,000 रुपयांवर गेली. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची, तिची मुदतवाढ एकट्या 2025 मध्ये इतक्यांदा झाली, की मुदत या शब्दाचाच टर्बो बसला. नंबर कोणता, प्लेट कोणती, स्क्रू कोणता, सगळं सरकार पाहतं. पीयूसीचं प्रमाणपत्र तर बऱ्याचदा गाडीपेक्षा निरोगी असतं. ऑइल कधी बदललं, हे मात्र अख्ख्या यंत्रणेत एकच माणूस विचारतो, आणि त्याचे हात काळे असतात म्हणून त्याच्या सहीला किंमत नाही.

आत, कुंपणापलीकडं, नेमक्या तशाच काळ्या हाताच्या सहीवर विमान उडतं.

जुनी टर्बो गाडी घ्यायचीच असेल तर घ्यावी. चांगल्या सांभाळलेल्या गाड्या आहेत, आणि पैशाच्या मानानं त्यांच्याएवढी ताकद नव्यात मिळत नाही. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून 'गाडी चालू करून ठेवू नका' म्हणावं. सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर लागलं पाहिजे. गरम करून ठेवलेली गाडी दाखवणारा माणूस काहीतरी झाकतोय. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, काळा निघाला तर हवा कुठं तरी गळतेय, नाहीतर डिझेल जास्त जातंय. दांडा मिस्त्रीलाच हलवू द्यावा. आणि 'नुकताच नवा टर्बो टाकलाय' हे वाक्य आलं की आनंदानं विसार पुढं करू नये.

परवा एका व्यवहारात ते आलंच. गाडी उभी, हार घातलेला, घेणाऱ्याच्या खिशात पैसे, विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कन्यादानाचा भाव. "नवा टर्बो आहे भाऊ, मागच्याच महिन्यात. आता दहा वर्षं पाहाचं काम नाई."

घेणारा खूश झाला. सोबत आणलेला मिस्त्री झाला नाही.

"जुना काऊन गेला होता?"

"पातं तुटलं होतं."

"इंटरकूलर काढून धुतला होता का? ऑइलची नळी बदलली?"

"तेवढं कशाले? टर्बोच नवा टाकला ना."

"अन् जुना?"

"तो भंगारवाल्याले दिला."

"टर्बो दिला," मिस्त्री म्हणाला, "तुटलेलं पातं कुठं आहे?"

विकणाऱ्यानं बॉनेटकडं पाहिलं. घेणाऱ्यानंही.